कनकी, कोंडा आणि मासा: तळ्यातल्या खाद्यात स्टार्च किती आणि कोणता?

भंडारा-गोंदियाकडे धान आणि मासा वेगळे काढता येत नाहीत. ज्या मामा तलावाच्या, म्हणजे माजी मालगुजारी तलावाच्या, पाण्यावर खालच्या बांध्या पिकतात त्याच तलावात ढिवर समाजाच्या सहकारी संस्था रोहू, कटला, मृगळ सोडतात. धान राईस मिलमध्ये गेलं की तांदूळ बाजारात जातो आणि मागे उरलेली कनकी व कोंडा गावात परत येतात. त्यातला बराचसा भाग जनावरांना, कोंबड्यांना आणि आता माशांनाही जातो. स्वस्त आहे, जवळ आहे, पोत्याने मिळतं. म्हणून मग होतं असं, की शेंगदाणा पेंड महाग झाली की पेंड कमी आणि कनकी जास्त. मासा तर खातोच आहे, मग बिघडलं कुठं?

बिघडतं ते लगेच दिसत नाही. चार-पाच महिन्यांनी जाळं ओढल्यावर मासा पोटाकडून फुगीर पण पाठीला बारीक दिसतो, चिरला की आतड्याभोवती पांढरी चरबी निघते, आणि काळीज लालसर तपकिरी असायच्या ऐवजी फिकट, पिवळट, हाताला तेलकट लागतं. वजन काट्यावर भरतं, पण ते मांसाचं नसतं. मत्स्यपालनाच्या खर्चात निम्म्याहून जास्त पैसा एकट्या खाद्यावर जातो, त्यामुळे खाद्यातला हा बदल सरळ खिशाला लागतो.

मासा स्टार्च खातो तरी कसा?

धान, मका, गहू, ज्वारी, साबुदाण्याचा कंद, बटाटा, या सगळ्यांच्या पोटात जे पिठूळ असतं ते म्हणजे स्टार्च. माणसाला ते मुख्य ऊर्जा देतं. माशाचं तसं नाही. माशाला स्टार्चची अशी सक्तीची गरजच नाही. नैसर्गिक पाण्यात त्याला मिळतं ते बहुतेक प्रथिन आणि तेल. तरीही खाद्यात स्टार्च घालतात, त्याची कारणं दोन. पहिलं, तो सगळ्यात स्वस्त ऊर्जेचा स्रोत आहे. माशाला चालण्या-फिरण्याची ऊर्जा स्टार्चमधून मिळाली तर महागडं प्रथिन जाळलं न जाता मांस बनवायला उरतं. दुसरं, शिजलेला स्टार्च गोंदासारखा काम करतो, दाणा पाण्यात फुटत नाही. तरंगणाऱ्या खाद्याला साधारण २० टक्के स्टार्च लागतोच, नाहीतर दाणा फुगत नाही आणि तळाला जातो. बुडणाऱ्या दाण्याला १० टक्क्यांच्या आसपास पुरतो.

आपल्याकडची कार्प जातीची मासळी, म्हणजे रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस, गवत्या, यांची एक गंमत अशी की यांना जठरच नसतं. घशाजवळच्या दातांनी खाल्लेलं दळायचं आणि सरळ लांबलचक आतड्यात ढकलायचं. जठरातलं आम्ल नाही, पण स्टार्च तोडणारं अमायलेज हे विकर (एन्झाइम) त्यांच्याकडे मांसाहारी माशांपेक्षा पुष्कळ जास्त असतं. त्यामुळे कार्प, तिलापिया आणि पंगस हे मासे खाद्यात ३० टक्क्यांच्या पुढेमागे पचणारा स्टार्च सांभाळून घेतात. हिमाचल-काश्मीरच्या थंड पाण्यातला ट्राउट किंवा नॉर्वेतला सॅमन मात्र २० टक्क्यांच्या आतच ठेवावा लागतो. चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर पाळल्या जाणाऱ्या लार्जमाउथ बास या शिकारी माशाच्या खाद्यात स्टार्च १० टक्क्यांच्या वर गेला की काळीज खराब होतं, हे तिथल्या संशोधकांनी वारंवार दाखवलं आहे.

याचा आपल्याशी संबंध असा की मरळही शिकारी मासा आहे. बाजारात मरळला भाव चांगला म्हणून काही जण शेततळ्यात मरळ घालतात आणि रोहूचंच खाद्य टाकतात. रोहूचं खाद्य मरळला चालत नाही. त्याला प्रथिन जास्त आणि स्टार्च कमी लागतो.

आणखी एक. रक्तात साखर वाढली की माणसाचं शरीर ती काही तासांत खाली आणतं. माशाला ते नीट जमत नाही, त्याच्या रक्तात साखर बराच वेळ चढलेली राहते. म्हणूनच गूळ, साखर, ग्लुकोज अशी झटपट साखर खाद्यातून दिली तर वाढ स्टार्चपेक्षा कमीच मिळते. स्टार्च हळूहळू तुटतो, साखर हळूहळू रक्तात येते, माशाला ती वापरायला वेळ मिळतो. उरलेली साखर आधी काळजात ग्लायकोजेन म्हणून आणि मग चरबी म्हणून साठते. वर सांगितलेलं पिवळट काळीज तिथून येतं. असा मासा शांत पाण्यात दिसायला धडधाकट असतो. पण जाळ्यात ओढला, टेम्पोत भरला, किंवा पहाटे पाण्यातला प्राणवायू उतरला की सर्वात आधी तोच उलटा होतो.

कच्चं की शिजवलेलं?

स्टार्चचे कण कच्चे असताना घट्ट बांधलेले असतात. पाणी आणि उष्णता मिळाली की साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअसला ते पाणी पितात, फुगतात, फुटतात. भाताची पेज घट्ट होते ती याचमुळे. याला जिलेटिनायझेशन म्हणतात, साध्या भाषेत शिजणं. शिजलेल्या कणांत अमायलेज सहज शिरतं. कच्च्यात कण कोणत्या पिकाचा आहे यावर सगळं अवलंबून. धान, गहू, मका यांचा कच्चा स्टार्च कार्प बऱ्यापैकी पचवतो. कच्च्या बटाट्याचा स्टार्च मात्र जवळपास तसाच बाहेर पडतो. त्याचे कण मोठे आणि चिवट, वर ते अमायलेजला स्वतःला चिकटवून घेतात, म्हणजे बाकीचंही पचन बिघडवतात. बाजार समितीतला सडका बटाटा फुकट मिळतो म्हणून कच्चाच तळ्यात टाकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

दुसरा फरक स्टार्चच्या आतल्या बांधणीचा. त्यात दोन प्रकारच्या साखळ्या असतात: सरळ अमायलोज आणि फांद्यांची अमायलोपेक्टिन. बहुतेक धान्यांत अमायलोज २० ते २८ टक्के असतं. अमायलोज जितकं जास्त तितकं पचन हळू. मोकळा सुटा भात होणारं धान अमायलोजने जास्त, चिकट भात होणारं कमी. शिजवून गार झाल्यावर अमायलोजच्या साखळ्या पुन्हा जवळ येऊन आवळतात, म्हणून रात्रीचा शिळा भात सकाळी टणक लागतो आणि पचायलाही जड असतो. माशाला शिजवलेली कनकी द्यायची तर ताजी, कोमट असतानाच पेंडीत मळावी.

मग सगळंच पूर्ण शिजवून द्यावं का? इथे थोडं थांबायला हवं. मुंबईत वर्सोव्याला असलेल्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत रोहूच्या पिल्लांवर शिजवलेला आणि कच्चा मक्याचा स्टार्च तुलनेने देऊन पाहिला गेला आहे. स्टार्चचं प्रमाण मोठं असताना तो सगळाच शिजवलेला दिला तर पिल्लांची रोगाशी लढायची ताकद उतरते, असं त्या कामातून पुढे आलं. कारण समजायला अवघड नाही: सगळी साखर एकदम रक्तात. म्हणजे स्टार्च शिजवा, पण तो मर्यादेत ठेवा. एक गोष्ट सांभाळून दुसरी सोडली तर उपयोग नाही.

कोणता स्रोत कसा?

कोंडा. आपल्याकडचा पहिला क्रमांक याचाच. पण कोंडा म्हणजे तूस नव्हे. जुन्या हलरमधून निघणाऱ्या कोंड्यात तूस मिसळलेलं असतं, ते माशाला पचत नाही आणि तळाला गाळ होऊन बसतं. चिमूटभर बोटात चोळून पाहिलं तरी कळतं: चांगला कोंडा मऊ आणि तेलकट, तुसाचा कोंडा खरखरीत. ताज्या कोंड्यात १२ ते १८ टक्के तेल असतं आणि तेच त्याचं दुखणं. तांदूळ पॉलिश होताच कोंड्यातलं लायपेज तेल फोडायला लागतं आणि पावसाळ्यात आठ-पंधरा दिवसांत कोंड्याला खवट वास येतो. खवट तेल माशाच्या स्नायूंना आणि काळजाला घातक. जपानमध्ये कार्पना खवट झालेले रेशीमकिड्यांचे कोश खाऊ घातल्यावर त्यांची पाठ सुकून सुरीच्या पात्यासारखी झाल्याची नोंद जुनी आहे. म्हणून कोंडा घ्यायचा तर मिलमधून थोडाथोडा, नाहीतर तेल काढलेला, म्हणजे डीओआरबी, घ्यावा. आंध्रात कोल्लेरूच्या भागातले मोठे तलाव याच डीओआरबीवर चालतात. तिथे तो पाण्यात उधळत नाहीत. भोकं पाडलेल्या पोत्यांत भरून बांबूला लटकवतात, मासा येऊन तोंडाने ओढून खातो. उधळला तर अर्धा वाऱ्याबरोबर काठाला लागतो, हे ज्यांनी उधळून पाहिलंय त्यांना सांगायला नको.

कोंड्याचा आणखी एक दोष सहसा कोणी सांगत नाही. त्यात स्फुरद भरपूर दिसतं, पण त्यातलं बहुतेक फायटेटमध्ये अडकलेलं असतं आणि माशाकडे ते सोडवणारं विकर नाही. वर कार्पला जठर नाही, त्यामुळे हाडांच्या भुकटीतलं स्फुरदही त्याला नीट मिळत नाही. परिणाम म्हणजे वाढ अडते, डोक्याची-कण्याची हाडं वाकडी राहतात. जनावरांच्या दुकानात मिळणारं डायकॅल्शियम फॉस्फेट काही प्रमाणात चालतं. मोनोकॅल्शियम फॉस्फेट मिळालं तर कार्पला ते जास्त लागू पडतं.

कनकी. जवळजवळ तीन चतुर्थांशाहून जास्त स्टार्च, प्रथिन फक्त ७-८ टक्के. बांधणीला उत्तम, पोट भरायला उत्तम, मांस बनवायला नाही.

मका. भाव परवडला तर मक्याचा भरडा चांगला, पण बारीक दळलेला. जाडा भरडा माशाच्या विष्ठेत अख्खा दिसतो. पिवळ्या मक्यातला रंग मांसात उतरतो. पंगसचं मांस पिवळट झालं की ग्राहक पाठ फिरवतो, रोहूत तेवढा फरक दिसत नाही. मक्याचा खरा धोका बुरशीचा. ओलसर साठवलेल्या मक्यावर हिरवट-पिवळी बुरशी येते आणि ती अफ्लाटॉक्सिन सोडते. हे विष शिजवून जात नाही. काळीज सुजतं, रक्त कमी होतं, मासा दररोज एक-दोन असा मरत राहतो आणि कारण पाण्यात शोधलं जातं. शेंगदाणा पेंडीतही हाच धोका. बुरशी लागलेलं पोतं स्वस्तात मिळालं म्हणून तळ्यात ढकलू नये.

ज्वारी. पांढरी ज्वारी चालते, पचन मक्यापेक्षा थोडं कमी. लाल ज्वारीत टॅनिन असतं, ते प्रथिनाला धरून ठेवतं. पावसात भिजून काळी पडलेली खरिपाची ज्वारी म्हणजे पुन्हा बुरशीच.

गहू. स्टार्चबरोबर ग्लुटेन असल्याने दाणा घट्ट बांधला जातो. कोळंबीच्या खाद्यात गव्हाचं पीठ त्यासाठीच घालतात, कारण कोळंबी दाणा हातात धरून कुरतडत खाते आणि तोवर तो टिकायला हवा. रोहूसाठी एवढ्या महागाचं कारण नाही.

साबुदाण्याचा कंद, म्हणजे टॅपिओका. स्टार्च पचायला सोपा, शिजल्यावर चिकट. प्रथिन नावाला. कच्च्या कंदात, विशेषतः सालीत, सायनाइड सोडणारे घटक असतात. चकत्या करून उन्हात कडक वाळवल्यावर ते बरेच जातात. आपल्याकडे हा माल तमिळनाडूच्या सेलमकडून येतो, वाहतूक जोडली की कनकी स्वस्त पडते.

पोत्यावर लिहिलेलं वाचायचं कसं?

कंपनीच्या खाद्याच्या पोत्यावर प्रथिन, तेल, तंतू, ओलावा छापलेलं असतं. स्टार्च सहसा नसतो. तो अंदाजाने काढता येतो. समजा प्रथिन २८, तेल ४, तंतू ७, राख १०, ओलावा १०. बेरीज ५९. शंभरातून वजा केले की ४१ उरतात. हे ४१ टक्के म्हणजे स्टार्च आणि इतर पिठूळ भाग मिळून. खरा स्टार्च त्याहून कमी. पण दोन पोती शेजारी ठेवून तुलना करायला एवढं पुरतं. ज्याचा आकडा जास्त आणि प्रथिन कमी, ते स्वस्त असायलाच हवं. नसेल तर दुकानदाराला विचारावं.

दाणा किती बांधला गेलाय हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. दोन ग्लासांत पाणी, दोन्हीत सारखंच मूठभर खाद्य, न ढवळता पंधरा मिनिटं ठेवायचं. मग वरचं पाणी चमच्याने वेगळं काढून त्यात जखमेला लावायच्या पोव्हिडोन आयोडिनचे दोन-तीन थेंब टाकायचे. स्टार्च विरघळून बाहेर आला असेल तर पाणी निळं-काळं होतं. थोडा निळसरपणा सगळ्याच खाद्यांना येतो. ज्या ग्लासात रंग गडद, ते खाद्य माशाच्या तोंडात जायच्या आधी पाण्यात जातं.

आणि पाण्यात गेलेला स्टार्च फुकट जाऊन थांबत नाही. जिवाणू तो खातात आणि खाताना प्राणवायू वापरतात. रात्री शेवाळही प्राणवायूच वापरतं. पहाटे चार ते सहाच्या दरम्यान तो लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली उतरला की मासे वर येऊन तोंड मारायला लागतात. ढगाळ हवेत, पावसाची झड लागल्यावर खाद्य अर्ध्यावर आणायचं ते यासाठी. डिसेंबर-जानेवारीत पाणी गार पडलं की माशाचं पचन मंदावतं, तेव्हाही नेहमीचं खाद्य चालू ठेवलं तर ते तळाला कुजतं.

बायोफ्लॉकमध्ये उलटं गणित

ज्यांनी ताडपत्रीच्या टाक्यांत बायोफ्लॉक सुरू केलं, ते स्टार्च किंवा साखर मुद्दाम पाण्यात टाकतात. तिथे तो माशासाठी नसतो, जिवाणूंसाठी असतो. जिवाणूंना कार्बन मिळाला की ते पाण्यातला अमोनिया स्वतःच्या शरीरात बांधतात आणि तोच गोळा मासा खातो. ढोबळ हिशोब असा की १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन बांधायला सुमारे २० ग्रॅम पिठूळ किंवा साखर लागते. १० हजार लिटरच्या टाकीत किटवर अमोनिया-नायट्रोजन लिटरला १ मिलिग्रॅम दाखवत असेल तर एकूण १० ग्रॅम झालं, म्हणजे २०० ग्रॅम साखर. मळी वापरायची तर तिच्यात साखर निम्म्याच्या आसपास धरून ४०० ग्रॅम. मळी लगेच काम करते. कनकीचं किंवा टॅपिओकाचं पीठ आधी तुटावं लागतं म्हणून सावकाश. ब्लोअर बंद असताना, वीज गेलेली असताना, यातलं काहीही टाकायचं नाही. गावाकडच्या भारनियमनात बायोफ्लॉकची टाकी एका रात्रीत जाते ती बहुतेक वेळा अशीच.

घरच्या मिश्रणाचा हिशोब

शेंगदाणा पेंड आणि कोंडा निम्मे-निम्मे, ही जुनी पद्धत. तेल काढलेला कोंडा आणि चांगली पेंड असेल तर त्यात २८ टक्क्यांच्या जवळपास प्रथिन बसतं, वाढत्या रोहू-कटल्याला २५ ते ३० लागतं. म्हणजे जुन्या लोकांचा अंदाज चुकलेला नव्हता. आता कनकी घालून स्वस्त केलेलं मिश्रण पाहू: कनकी ५० किलो, पेंड २५, कोंडा २५. कनकीतून ४ किलो प्रथिन, पेंडीतून साडेदहा, कोंड्यातून पावणेचार. शंभर किलोत सव्वाअठरा. इथेच मासा पोटाला सुटतो आणि पाठीला राहतो.

मधला मार्ग असा बसवता येतो: शेंगदाणा पेंड २५ किलो, सोयापेंड २०, तेल काढलेला कोंडा ३५, कनकी १८, खनिज-जीवनसत्त्व मिश्रण २. यात प्रथिन २६ टक्क्यांच्या आसपास येतं आणि स्टार्च विसाच्या जवळ. कनकी तिच्या तीन-चार पट पाण्यात पेजेसारखी शिजवायची, गरम असतानाच पेंड आणि कोंडा मळायचा, खनिज मिश्रण कोमट झाल्यावर. शेवया पाडायच्या यंत्रातून काढून सावलीत पंखा लावून किंवा हलक्या उन्हात वाळवलं की आठवडाभराचं खाद्य होतं. पावसाळ्यात वाळत नसेल तर रोजचं रोज गोळे करून ताटलीत किंवा टोपलीत घालून पाण्यात सोडावेत. बोटुकलीला मात्र हे चालत नाही, तिला प्रथिन ३५ च्या वर हवं, तेवढे सुरुवातीचे आठवडे विकतचं बारीक खाद्य घेतलेलं बरं.

लहान खाद्य यंत्र घेणाऱ्या गटांनी यंत्राचा प्रकार आधी पाहावा. साध्या पेलेट यंत्रात माल ७०-८५ अंशांपर्यंत तापतो, स्टार्च अर्धवट शिजतो, दाणा बुडतो. एक्स्ट्रूडरमध्ये १२० अंशांच्या वर दाबाखाली शिजून दाणा फुगतो आणि तरंगतो. तरंगणाऱ्या खाद्याचा मोठा फायदा पचनापेक्षाही हा, की मासा किती खातोय हे डोळ्यांना दिसतं. पंधरा-वीस मिनिटांनी वर उरलेलं दिसलं तर दुसऱ्या दिवशी कमी टाकायचं. मृगळसारखा तळाला चरणारा मासा वर यायला कुचरतो, म्हणून मिश्र संवर्धनात थोडं बुडणारं खाद्य ठेवावंच लागतं.

टाकण्याचं प्रमाण माशाच्या एकूण वजनाच्या २ ते ३ टक्के, सुरुवातीला ५ पर्यंत, आणि एका वेळेऐवजी दोन वेळा विभागून. जठर नसलेल्या माशाला एकदम भरपूर साठवता येत नाही. महिन्यातून एकदा जाळं टाकून वीस-पंचवीस मासे मोजावेत आणि त्यातला एखादा चिरून काळीज पाहावं. रंग उतरलेला दिसला तर कनकी कमी करावी, पेंड वाढवावी आणि आठ-दहा दिवस खाद्य थोडं हाताखाली ठेवावं. मरतूक सुरू झालीच असेल तर नुसत्या अंदाजावर औषध न टाकता ताजा मेलेला मासा बर्फात घालून, सोबत खाद्याचा नमुना घेऊन, नागपूरच्या मत्स्य महाविद्यालयात किंवा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात दाखवावा. खाद्याचा नमुना लोक नेहमी घरीच विसरतात.